खरखर

बिनतारी : असं नाही ताई. त्या दिवशी केलंत तसंच करा. आधी एकट्याचं बटण, मग लगेच सगळ्यांचं. हात तसाच, घाईसुद्धा तशीच.

ऑपरेटर : घाई तशी कुठून आणू? त्या दिवशी समोर लाल दिवा पेटला होता, अमोनियाचा काटा वर सरकत होता. आज समोर तुमचा चहाचा कप आहे.

बिनतारी : मग माझ्या तोंडाकडे बघून घाबरा. घरी सगळे घाबरतात.

ऑपरेटर : मला हसू येत नाहीये, बिनतारी.

बिनतारी : मला तरी कुठे येतंय! तोंडाला सवय लागलीय, ते आपलं चालू राहतं. चला, दाबा. एकट्याचं... आता सगळ्यांचं. ऐका. वाजले बघा टेबलावरचे सगळे वायरलेस सेट, एका सुरात.

ऑपरेटर : सकाळपासून वाजतायत.

बिनतारी : तेच तर दुखणं आहे! आज यंत्र कसं गुणी बाळासारखं वागतंय. आणि त्या दिवसाचं रेकॉर्ड काय म्हणतंय? 'वायू गळतोय, सगळे बाहेर या' हा तुमचा संदेश आख्ख्या कोल्ड स्टोअरमध्ये एकाच सेटनं उघडला. आणि तो सेट नेमका बर्फ्याचा.

ऑपरेटर : माझ्या नवऱ्याचा, असं म्हणा की. बाकी सगळे तसंच म्हणतायत. हिनं नवऱ्याला तेवढं हळूच कळवलं आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं. सख्ख्या भावालासुद्धा.

बिनतारी : मी म्हटलं का तसं?

ऑपरेटर : तुम्ही नाही म्हणालात. साहेब म्हणाले. उद्या चौकशीत लेखी म्हणतील. माझी वहिनी तर हॉस्पिटलच्या दारातच म्हणाली, सगळ्या नर्सेससमोर. तेव्हापासून मला दादापर्यंत जाऊ देत नाही. माझा भाऊ तिथं नाकात नळ्या घालून पडलाय, आणि मी खालच्या बाकावर बसून वर जाणाऱ्यांना विचारते, डोळे उघडले का हो त्यानं?

बिनतारी : उघडले. काल मी बघून आलोय. बोलत नाही अजून, पण ओळखतो.

ऑपरेटर : तुम्ही बघून आलात. मी नाही.

बिनतारी : रडू नका ताई. रडा, पण आधी मला एक सांगा. सगळ्यांच्या संदेशाच्या आधी तुम्ही बर्फ्याला एकट्याला एक संदेश पाठवलाय. अगदी लागून. काय होतं त्यात?

ऑपरेटर : खाजगी होतं.

बिनतारी : खाजगी होतं ते कळलं मला. कन्सोलवर तो संदेश नुसता पत्त्यांसारखा पिसलेला दिसतो, काना-मात्रा लागत नाही. त्याच्या सेटशिवाय तो कुठेच उघडणार नाही. म्हणून तर विचारतोय.

ऑपरेटर : कामाच्या कन्सोलवरून घरचं लिहिलं. चुकलं माझं. त्याची शिक्षा द्या म्हणावं. पण काय लिहिलं ते नाही सांगणार.

बिनतारी : मग साहेब स्वतःच सांगतील काय होतं ते. म्हणतील, त्यात लिहिलं होतं, 'गळती झालीय, तू आधी पळ.' आणि बर्फ्या म्हणतो सेट हरवला! आता बोला. हरवायला मुहूर्त तरी बघायचा.

ऑपरेटर : म्हणू दे त्यांना काय म्हणायचं ते.

बिनतारी : तुम्ही दोघं म्हणजे ना... एक तोंड उघडत नाही, दुसरी उघडून मिटते. मी काय भिंतीशी बोलू?

ऑपरेटर : अहो, भोंगा का काढला त्यांनी? तो एक भोंगा असता तर हे काहीच झालं नसतं. सगळ्यांच्या कमरेला सेट आहेत, आता भोंगा कशाला, म्हणाले. शेजारपाजारच्यांना त्रास होतो म्हणाले.

बिनतारी : मी नको म्हणत होतो. कोण ऐकतंय बिनतारीचं? बरं, तो संदेश पाठवला तेव्हा बर्फ्या होता कुठे?

ऑपरेटर : पाच नंबरला. शेवटच्या खोलीत. तिथं माल सगळ्यात जास्त गोठवतात.

बिनतारी : पाच नंबर... भिंती हातभर जाड, वर पत्रा. थांबा थांबा. मी सकाळपासून हे सगळं इथं, टेबलावर करतोय. गाढव आहे मी. त्याच्या एकट्याच्या संदेशाची पोच आली होती का?

ऑपरेटर : कसली पोच?

बिनतारी : अहो, संदेश मिळाला की सेट आपण होऊन कन्सोलला 'मिळाला' असं कळवतो. तुमच्या पडद्यावर हिरवी टिकली येते. ती आली होती का, दुसरं बटण दाबायच्या आधी?

ऑपरेटर : मी बघितलंच नाही. लाल दिवा पेटला आणि मी सगळ्यांच्या बटणावर हात मारला.

बिनतारी : आपला टॉवर ओरडतो, ताई. पाच नंबरच्या भिंतीतूनही ऐकू जातं. पण सेट बिचारा कुजबुजतो. त्याची कुजबुज त्या भिंतीतून बाहेर यायला वेळ लागत असणार. एक स्टीलचा डबा मिळेल का? झाकणाचा?

ऑपरेटर : माझा जेवणाचा आहे. जेवलेच नाहीये, भरलेला आहे.

बिनतारी : रिकामा करा कागदावर. मग मीही जेवीन त्यातलं, चालेल ना? आणि चेहरा पुसा. तुमच्या वहिनी यायच्यात, त्यांचा सेट जमा करायला. मीच बोलावलंय.

ऑपरेटर : इथं? आत्ता? मला आधी सांगायचं ना!

(दार ढकललं जातं.)

वहिनी : बिनतारीभाऊ, हा घ्या सेट. ठेवते टेबलावर. निघते मी, भेटीची वेळ व्हायचीय.

बिनतारी : बसा वहिनी. थोडं काम आहे तुमच्याशी.

वहिनी : या खोलीत मला नाही बसवत. हवा बरी नाही इथली.

ऑपरेटर : वहिनी, दादा कसा आहे?

वहिनी : बिनतारीभाऊ, कुणी विचारत असेल तर सांगा, जसा ठेवला होता तसा आहे. ज्यांनी ठेवला त्यांना माहीत असेल.

ऑपरेटर : वहिनी, माझ्याशी बोल ना. शिव्या दे, पण माझ्याशी बोल.

वहिनी : वन्संना म्हणावं, शिव्या मोठ्या माणसांना देत नाहीत. कन्सोलवाल्या आहेत त्या. त्यांच्या हातात सगळ्यांचे जीव असतात. कुणाला बाहेर काढायचं, कुणाला आत ठेवायचं, सगळं त्या ठरवतात.

ऑपरेटर : वन्सं! आजवर कधी तू मला वन्सं म्हणाली नाहीस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून छोटीच म्हणतेस.

वहिनी : छोटी होती तेव्हा छोटी म्हणत होते. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची ती छोटी. ही कुणी वेगळी आहे.

बिनतारी : वहिनी, तुम्ही मला मोठा भाऊ मानता ना? मग पाच मिनिटं बसा. नुसतं बघा मी काय करतो ते. पटलं नाही तर उठून जा, मी अडवणार नाही.

वहिनी : पाचच. ह्यांना सूप भरवायचंय. नर्सच्या हातून घेत नाहीत, तोंड फिरवतात.

बिनतारी : तर असं आहे. आपले संदेश हवेतून जातात, आणि हवा काही कुणाच्या मालकीची नाही. म्हणून संदेश पत्त्यांसारखा पिसून पाठवायचा. पिसायच्या रीती दोन. एक सगळ्या सेटना माहीत असलेली. ती लावली की सगळे सेट पत्ते परत ओळीनं लावतात आणि तुम्हाला वाचता येतं. दुसरी रीत प्रत्येक सेटची आपापली. तुमच्या सेटची रीत तुमच्या सेटलाच ठाऊक. त्या रीतीनं पिसलेला संदेश दुसऱ्याच्या हाती पडला तरी नुसता गिचमिडकाला. कळलं?

वहिनी : एवढी काही ठोंबी नाहीये मी. एक चावडीवरचं बोलणं, एक कानातलं.

बिनतारी : वा! हे मी साहेबांना दोन दिवस समजावतोय. आता, पिसलेल्या पत्त्यांवर एक पाकीट असतं. पाकिटावर लिहिलेलं असतं, हे कुणासाठी. दुसऱ्याचं नाव असेल तर तुमचा सेट त्याला शिवत पण नाही. आता हा सेट बघा. हा बर्फ्याचा आहे असं समजू. याला घालतो डब्यात. झाकण लावतो, थोडी फट ठेवून. ही झाली पाच नंबरची खोली.

वहिनी : डबा कुणाचा?

ऑपरेटर : माझा.

वहिनी : जेवण तसंच बाहेर काढलंय. जेवत नाही वाटतं कुणी?

ऑपरेटर : नाही जात घशाखाली.

वहिनी : हं. बिनतारीभाऊ, आटपा.

बिनतारी : ताई, आता दाबा. आधी डब्यातल्या सेटला एकट्याला, काहीही लिहा. टिकलीची वाट बघू नका. लगेच सगळ्यांना.

ऑपरेटर : एकट्याला... गेला. टिकली नाही आलेली. सगळ्यांना... गेला.

वहिनी : ईऽ! हे काय?

बिनतारी : हलू नका. ऐका.

वहिनी : सगळे सेट खरखरतायत. माझा पण.

बिनतारी : आणि डब्यातला?

ऑपरेटर : डब्यातला वाजतोय, बिनतारी. नीट वाजतोय. 'सगळ्यांसाठी चाचणी.' त्यानं उघडला. त्या एकट्यानंच!

बिनतारी : सापडलं! हे बघा, पोच येईपर्यंत कन्सोल त्या एकट्याचीच रीत धरून बसतो. मेला सोडत नाही. तेवढ्यात सगळ्यांचं बटण दाबलं की पाकिटावर नाव येतं सगळ्यांचं, पण आतले पत्ते पिसले जातात त्या एकट्याच्या रीतीनं. बर्फ्याच्या सेटला वाटतं, सगळ्यांना आलंय. आणि बाकीचे सेट पाकीट फोडतात, पत्ते लावायला बसतात, लागत नाहीत. मग नुसतं—

वहिनी : खरखर.

बिनतारी : हो.

वहिनी : पुन्हा करा.

बिनतारी : वहिनी, पाणी देऊ का?

वहिनी : पुन्हा करा म्हणतेय ना!

ऑपरेटर : करते. एकट्याला. सगळ्यांना.

वहिनी : हीच. अगदी हीच. त्या दिवशी मी पॅकिंगच्या टेबलाशी होते, आणि माझा सेट असाच खरखरला. मी म्हटलं, मेला कधी वेळेवर चालेल तर शपथ. दोन थपडा मारल्या आणि हातमोज्यांच्या खोक्यात टाकून दिला. शेजारणीचाही खरखरला. आम्ही हसलो त्याच्यावर. हसलो आम्ही, बिनतारीभाऊ!

बिनतारी : तुम्हाला काय माहीत असणार.

वहिनी : म्हणजे हिनं सगळ्यांना पाठवलं होतं.

बिनतारी : सगळ्यांनाच पाठवलं होतं. पाकिटावर सगळ्यांचं नाव नसतं तर तुमचा सेट खरखरलाच नसता, गप्प पडून राहिला असता. तुमची ती खरखर हाच पुरावा आहे.

वहिनी : ह्यांचाही खरखरला असेल मग. फोर्कलिफ्टवर होते ते, तीन नंबरमध्ये. त्यांनीही माझ्यासारखाच... अगं बाई.

ऑपरेटर : वहिनी, बस. बस इथं माझ्या खुर्चीवर.

वहिनी : मला नको हात लावू. थांब जरा. मी काय काय बोलले तुला! आणि तू तेव्हा ओरडत आली होतीस, आठवतंय मला. तोंडाला ओढणी लावून. माझ्या मनगटाला धरून तूच फरफटत बाहेर काढलंस मला.

ऑपरेटर : नवऱ्याचा संदेश आला म्हणून. मैदानातनं त्यानं विचारलं, 'मी एकटाच आहे इथं, बाकीचे कुठेत?' कन्सोल सोडला आणि धावत सुटले. पाच, चार, पॅकिंग, सगळीकडे ओरडले. तीन नंबरला पोचेपर्यंत तिथं पांढरं झालं होतं सगळं. लोकांनी मला मागनं धरलं.

वहिनी : ते पाहिलं मी. पाय झाडत होतीस. पाहिलं, आणि तरी तसं बोलले. कुणाला तरी धरायचं होतं ना मला. वाऱ्याला कसं धरणार?

ऑपरेटर : असू दे ग.

वहिनी : असू दे काय! आणि भावोजी? त्यांना तर मी माणसांत ठेवलं नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात समोर आले, मी म्हटलं, पळपुटे आहात तुम्ही, बायकोच्या पदराआडून जीव वाचवलात. एक शब्द बोलले नाहीत. मान खाली घालून उभे. मग मला वाटलं, खरं असल्याशिवाय कुणी एवढं ऐकून घेईल का?

बिनतारी : वहिनी, एक गाठ अजून सुटायचीय. उद्या मी हा डबा घेऊन चौकशीत बसेन. पण साहेब विचारणार, आधीचा तो एकट्याचा संदेश काय होता? तो पळ म्हणून सांगणारा असेल तर माझा डबा गेला उडत. ताई सांगत नाहीत.

वहिनी : काय होतं ग?

ऑपरेटर : नको विचारूस.

वहिनी : छोटे, माझ्याकडे बघ. काय लिहिलं होतंस?

ऑपरेटर : त्या दिवशी दुपारी तू पॅकिंगमधून आलीस, आठवतं? काही न बोलता मला मिठी मारलीस. डोळ्यात पाणी होतं तुझ्या.

वहिनी : हो. तुझ्या त्या... बिनतारीभाऊ, जरा बाहेर जाता का?

ऑपरेटर : राहू देत. उद्या सगळ्यांना कळायचंच आहे. मला छातीत गाठ लागलीय, बिनतारी. तपासायला दिलीय. मी एकट्या ह्यालाच सांगितलं होतं, रिपोर्ट येईपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, गळ्याची शपथ घालून. दादालासुद्धा नाही. दादा हाय खातो.

बिनतारी : ताई...

ऑपरेटर : आणि ह्यानं चार दिवसांत दादाला सांगितलं. दादानं हिला. आणि ही आली मला मिठी मारायला, सगळ्या बायकांसमोर. तेव्हा माझं डोकंच फिरलं. आई गेली त्याच्या आधी महिनाभर सगळं गाव असंच बघत होतं आमच्याकडे. कीव नको होती मला. इथं येऊन बसले, आणि ह्याला लिहिलं.

वहिनी : काय?

ऑपरेटर : 'तुझ्या पोटात काही राहत नाही. आज घरी येऊ नकोस.'

वहिनी : एवढंच?

ऑपरेटर : अजून एक होतं. 'तोंड दाखवू नकोस.' तेवढ्यात लाल दिवा पेटला.

बिनतारी : अहो ताई! हे सांगायला एवढे आढेवेढे? नवऱ्याला घराबाहेर काढणारी बायको त्यालाच तेवढा कशाला वाचवेल? या एका ओळीनं तुम्ही दोघं सुटताय!

ऑपरेटर : ती ओळ दाखवायची म्हणजे पोटात काय राहिलं नाही तेही सांगायचं. माझी गाठ साहेबांच्या टेबलावर. सगळ्या स्टोअरच्या तोंडी.

बिनतारी : हां. खरं आहे. चुकलो.

वहिनी : म्हणून सेट हरवला म्हणाले भावोजी.

ऑपरेटर : मला वाटलं खरंच हरवला.

वहिनी : कुठला हरवतो! अगं, तो सेट दाखवला असता तर त्याच दिवशी सुटले असते ते. माझ्या तोंडावर फेकायचा होता जिन्यात, की वाच, तुझी नणंद काय म्हणते मला. मी त्यांना पळपुटा म्हणतेय, आणि ते खिशात सुटका घेऊन उभे आहेत. आणि बोलत नाहीत.

ऑपरेटर : एकदा सांगून बसला ना. परत नाही सांगितलं.

वहिनी : पोटात काही राहत नाही म्हणे!

ऑपरेटर : त्या दिवसापासून घरी आलाच नाही तो, वहिनी. मला वाटलं लाजेनं येत नाही. मग वाटलं माझ्यावर रागावलाय. लोक म्हणाले गाव सोडून पळाला. मी मैत्रिणींकडे विचारलं, त्याच्या भावाकडे विचारलं.

बिनतारी : आता माझ्याही पोटातलं काढतो. मला शपथ घातलीय त्यानं, पण जाऊ दे. माझ्याकडे आहे तो.

ऑपरेटर : काय?

बिनतारी : गेटामागच्या माझ्या खोलीत. टॉवरच्या खालीच. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो. मी म्हटलं, अरे, घरी जा. तर म्हणतो, तिनं येऊ नकोस म्हटलंय. का म्हटलंय ते सांगत नाही. सेट पण आहे त्याच्याकडे. उशीखाली ठेवतो. रोज चार्ज करतो. मी म्हटलं, स्टोअर बंद, काम बंद, चार्ज कशाला करतोस? तर म्हणतो, वाजला तर.

वहिनी : आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात! ही इथं झुरतेय, आणि तो वीस पावलांवर!

बिनतारी : सेटचं उद्या चौकशीत कळलं तर मीही अडकेन, वहिनी. माहितीये मला. पण मित्र आहे तो.

ऑपरेटर : आज घरी येऊ नकोस म्हटलं होतं मी. आज! एका दिवसाचं.

वहिनी : यंत्र काय आणि माणूस काय. एकदा मिळालं ते धरून बसतात.

बिनतारी : मग उद्याचं काय करायचं, ताई? वहिनींची खरखर आहे, डबा आहे. पॅकिंगच्या बायका आल्या तर अजून बळ येईल.

वहिनी : येतील. मी आणते एकेकीला. हातमोज्यांच्या खोक्यात सेट टाकणारी मी काही एकटी नव्हते. सांगू की आम्ही, हिनं हाक मारली होती, आमच्याच यंत्रांना कान नव्हते. आणि आधीचं काय होतं विचारलं तर म्हणीन, ते घरचं आहे, घरी राहील. बघते कोण पुढे विचारतो.

ऑपरेटर : नको वहिनी. सांगीन मी.

वहिनी : अगं पण—

ऑपरेटर : त्याला पळपुटा म्हटलंय लोकांनी. आयुष्यभर तेच चिकटेल. गाठ काय, आहे तर आहे. माझी मी सांगीन, माझ्या तोंडानं. दुसऱ्यांनी सांगितली तेव्हा राग आला होता. मी सांगितली तर कदाचित नाही येणार.

वहिनी : रिपोर्ट आला का?

ऑपरेटर : आला असेल. आणायला गेले नाही. दादाच्याच हॉस्पिटलात आहे, खालच्या मजल्यावर. रोज त्या खिडकीसमोरच्या बाकावर बसते आणि घेत नाही.

वहिनी : एकटी बसतेस त्या बाकावर?

ऑपरेटर : वर सोडत नाहीत ना मला.

वहिनी : मीच सांगितलं होतं नर्सला, हिला सोडू नका. माझीच जीभ झडो. ऊठ. आधी खाली जाऊ, मग वर जाऊ. दोघी. ह्यांना सूप तू भरव, तुझ्या हातून घेतील. आणि तो कागद काहीही म्हणू दे, वर जाताना डोळे पुसून जायचं. काय?

ऑपरेटर : काय वाचायचं असेल ते तूच वाच. माझ्यानं वाचलं जाणार नाही.

वहिनी : वाचते. आणि कुणाला सांगत नाही. आई शप्पथ, ह्यांनाही नाही.

बिनतारी : जायच्या आधी एक काम, ताई. उलटी चाचणी राहिली. पोच येईपर्यंत थांबलं तर सगळं नीट जातं, हे पण दाखवावं लागेल मला. त्यासाठी डब्यातला नको, खरा सेट हवा. बर्फ्याचाच घ्या. चालू आहे, सांगितलं ना.

ऑपरेटर : काय लिहू?

बिनतारी : यंत्राला काय, काहीही चालतं.

ऑपरेटर : हं... गेला.

बिनतारी : दोनच शब्द?

ऑपरेटर : पुरेत. बघू नका तिकडे.

बिनतारी : मी टिकली बघतोय. थांबा. सगळ्यांचं दाबू नका. थांबा अजून...

वहिनी : आली का?

ऑपरेटर : आली. हिरवी. उघडला त्यानं.

बिनतारी : आता सगळ्यांना.

ऑपरेटर : 'चाचणी आहे, कुणी घाबरू नका.' गेला.

बिनतारी : वाजले! वहिनी, तुमच्या सेटवर काय आलं? नीट वाचा, मला लिहून घ्यायचंय.

वहिनी : 'चाचणी आहे, कुणी घाबरू नका.' अगदी स्वच्छ.

बिनतारी : आणि त्याच्या आधी? काही दिसलं, खरखरलं?

वहिनी : नाही हो. ते माझ्यासाठी नव्हतं.